आत्याबाई समुद्राला घाबरतात की धाकटीला सांभाळायला?

प्रश्न : ताई, मी लातूरला राहते. येत्या डिसेंबरात सासू-सासऱ्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. पुण्याच्या दिरांनी टूम काढली की सगळ्यांनी मिळून क्रूझवर जायचं, मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. आम्ही दोघं, दीर-जाऊ, मामंजी, आत्याबाई (म्हणजे सासूबाई) आणि आमची दोन लेकरं. मोठा सहा वर्षांचा, धाकटी दोनची. मामंजी एका पायावर तयार आहेत. आत्याबाई मात्र म्हणतात, "एवढ्या पाण्यात कशाला? गुडघे दुखतात, उलट्या होतील. तुम्ही जा, मी घर बघते." सगळा बेत त्यांच्यासाठीच आहे हो! शिवाय त्या आल्या तर धाकटीला रात्री त्यांच्यापाशी झोपवता येईल, आम्हालाही जरा मोकळं फिरता येईल. त्यांना कसं तयार करू?
– एक सून, लातूर

उत्तर : अगं, बेत त्यांच्यासाठी आहे म्हणतेस आणि पुढच्याच वाक्यात धाकटी त्यांच्यापाशी झोपवतेस. तू हे सहज लिहून गेलीस, पण घरात ते कुणी बोललं नसलं तरी आत्याबाईंना कळलेलं असणार. चाळीस वर्षं ज्या बाईनं घरातलं प्रत्येक कार्य स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, तिला सहलीत आपली जागा कुठली हे सांगावं लागत नाही. लेकरूच सांभाळायचं तर आपल्या घरात, आपल्या पलंगावर सांभाळू, त्यासाठी बोटीत कशाला, असा त्यांचा हिशोब असेल तर तो चुकीचा नाही.

आता जहाजावर काय असतं ते ऐक. लहान मुलांसाठी खेळायची वेगळी खोली असते, तिथं सांभाळायला माणसंही असतात. पण बहुतेक जहाजांवर तीन वर्षांच्या आतलं लेकरू आई-बाप सोबत असल्याशिवाय घेत नाहीत. डायपरवालं बाळ पोहण्याच्या तलावातही सोडत नाहीत. म्हणजे तुझा मोठा दिवसभर तिथं रमेल, आणि धाकटी मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाच्या तरी कडेवर. रात्रीचे गाण्या-नाचाचे कार्यक्रम उशिरापर्यंत चालतात. त्या वेळी खोलीत धाकटीपाशी कोण बसणार, हा तुमच्या सहलीचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुम्ही चौघांनी न बोलता आत्याबाईंच्या नावावर लिहून टाकलंय.

तेव्हा आधी नवऱ्याला नि दिराला समोर बसव. पाळ्या ठरवा. पहिली रात्र नवऱ्याची, दुसरी तुझी, तिसरी दीर-जावेची. जाऊबाई नाक मुरडतील कदाचित, मुरडू दे. सहलीची टूम त्यांच्याच घरातून निघाली. दुपारी धाकटी झोपली की बापानं खोलीत बसायचं. हे ठरलं की मग आत्याबाईंकडे जा आणि स्पष्ट सांग, "तिथं लेकरांचं काही तुमच्याकडे नाही. तुम्हाला वाटलं तर घ्या, नाही वाटलं तर नका घेऊ." नुसतं "तुम्ही फक्त आराम करा" म्हणू नकोस, त्यावर कुठल्याच सासूचा विश्वास बसत नाही. पाळ्यांचा कागद दाखव.

गुडघे आणि उलट्या ही नुसती सबबही नसेल, म्हणून तेही नीट बघ. जहाज मधोमध आणि खालच्या मजल्यांवर सगळ्यात कमी हलतं. पुढच्या टोकाची किंवा अगदी वरची खोली घेऊ नका, मग ती कितीही झकास दिसो. लिफ्टजवळची माग, पण लिफ्टच्या भिंतीला लागून नको. चार जणांच्या खोलीत दोन पलंग बहुधा भिंतीतून खाली उघडतात आणि त्यांना शिडी असते. मोठ्याला ती शिडी म्हणजे पर्वणी, आत्याबाईंना शिक्षा. मामंजी-आत्याबाईंची खोली वेगळीच घ्या. न्हाणीघर लहान असतं, बऱ्याचदा उंबऱ्याची पायरी असते, धरायला दांडी आहे का ते विचार. डिसेंबरात अरबी समुद्र पावसाळ्याच्या मानानं शांत असतो, ही जमेची बाजू. मळमळीची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते आणि तिनं झोप येते. मामंजींची बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर दोघांचंही डॉक्टरांना आधी विचारा. दीर ऐन वेळी गोव्याऐवजी लक्षद्वीप म्हणाले तर नाही म्हण. तिथं जहाज बेटापासून लांब उभं राहतं आणि हलत्या छोट्या बोटीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं. दुखऱ्या गुडघ्यांचं काम नाही ते.

आणि एक स्वस्तातली परीक्षा सांगते. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला रो-रो बोट (गाड्याही नेणारी) जाते, साधारण तासाभराचा प्रवास. मुंबईला काही कामानं जाणं झालं तर आत्याबाईंना त्यातून एकदा नेऊन आण. तासाभरात पोट काय म्हणतं ते त्यांनाच कळेल, आणि पाण्याची भीती खरी किती ते तुलाही. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरच्या बाईला "एवढ्या पाण्यात कशाला" वाटणं मी तरी समजू शकते.

बाकी बारीकसारीक. लातूरची रात्रीची गाडी सकाळी सीएसएमटीला पोचते, तिथून जहाज सुटायचा धक्का, बॅलार्ड पिअर, अगदी जवळ आहे. तरी गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, आणि आत जायचं दार सुटायच्या बरंच आधी बंद होतं. त्याच सकाळी पोचायचा जुगार दोन म्हातारी आणि दोन लेकरं घेऊन खेळू नका, आदल्या दिवशी जा. दशम्या-धपाटे गाडीत संपवा, घरी शिजवलेलं जहाजावर सहसा नेऊ देत नाहीत. शाकाहारी जेवणाची चिंता नको, पण त्या तीन दिवसांत एकादशी येतेय का ते बघ आणि फराळाचं आधीच कळव. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि त्या खोलीत कधी कधी काही तासांनी येतात, म्हणून मामंजींची औषधं, धाकटीचे डायपर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत. गॅलरीवाली खोली घेतलीत तर कठड्यापाशी खुर्ची ठेवू नका. धाकटी दोन वर्षांची आहे, ती खुर्ची बघून चढणारच.

एवढं सगळं करूनही त्या नाही म्हणाल्या तर? मग नाही. पण त्यांना "घर बघायला" म्हणून मागे ठेवू नका. घराला कुलूप लावा. त्यांची बहीण, माहेर, तुळजापूर, अंबाजोगाई, त्या म्हणतील तिथं त्यांना सोडा, आणि खर्चाचा त्यांचा वाटा त्यांच्याच हातात द्या. मामंजींना बायको सोडून जायचं की नाही ते मामंजी ठरवतील. चाळीस वर्षांच्या नवऱ्याला एवढं तरी ठरवू दे.

हे सगळं बुकिंगच्या आधी व्हायला हवं. जाहिरातीतला आकडा बहुधा दोघांच्या खोलीत माणशी असतो. बंदर शुल्क, जीएसटी वरून लागतात, आणि तारीख जवळ आली की रद्द केल्यावर हाती फारसं काही येत नाही. दिरांनी आधी पैसे भरले आणि तू नंतर विचारायला गेलीस, तर आत्याबाई हो म्हणतील. पण ते हो पैसे वाया जाऊ नयेत म्हणून असेल. म्हणून आजच दिरांना फोन कर आणि सांग, थोडं थांबा.