फोटोंचा प्रोग्रॅम पडतो. दिलेली नावं जातील का?

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलाने माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट घालून दिलं. रॅम ४ जीबी. त्यावर डिजिकॅम या प्रोग्रॅममध्ये मी शाळेचे जुने वर्गफोटो स्कॅन करून ठेवले आणि चेहऱ्याचेहऱ्याला नाव दिलं. मध्यंतरी मोबाइलमधले फोटो आणि व्हिडिओ एका फोल्डरमध्ये उतरवून घेतले. तेव्हापासून डिजिकॅम उघडतो, खालची पट्टी सरकत राहते आणि थोड्या वेळाने खिडकीच नाहीशी होते. काही निरोपही येत नाही. शेजारच्या मुलाने प्रोग्रॅम काढून परत टाकला, तरी तेच. आता तो म्हणतो, सगळं पुसून कोरं सुरू करू. करू का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: बाई, काहीही पुसू देऊ नका. त्या मुलाचा हेतू चांगला आहे, पण ‘सगळं’ म्हणताना त्यात तुम्ही दिलेली नावंही आली, आणि ती नावं तुमच्याशिवाय आज फार थोड्यांना सांगता येतील.

डिजिकॅम फोटो स्वतःच्या पोटात घेत नाही. ते तुमच्या पिक्चर्स फोल्डरमध्ये साध्या फाइली म्हणूनच असतात. कुठला चेहरा कुणाचा, कुठल्या फोटोला कुठली खूण, हे मात्र तो ‘डिजिकॅम४.डीबी’ नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहितो. डीबी म्हणजे डेटाबेस, माहितीची नोंदवही. ग्रंथालयात पुस्तकं कपाटात आणि कार्डं खणात, तशी ही रचना. ती फाइल बहुतेक पिक्चर्स फोल्डरमध्येच सापडेल. प्रोग्रॅम बंद असताना तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. हे झाल्याशिवाय पुढचं काही करू नका.

प्रोग्रॅम परत टाकून फरक का पडला नाही? कारण त्याने बदलला तो फक्त प्रोग्रॅम. सेटिंग, डीबी फाइल आणि फोटो तुमच्या होम फोल्डरमध्ये जसेच्या तसे राहिले. नवा प्रोग्रॅम उघडला, पुन्हा त्याच फाइलीपाशी आला आणि पुन्हा पडला. लिनक्सवर असा पडणारा प्रोग्रॅम परत टाकण्यात लोक दिवस घालवतात, आणि बिघाड बहुतेक वेळा त्याला वाचायला दिलेल्या गोष्टीत असतो.

निरोप येत नाही असं तुम्ही लिहिलंत. तो येतो, पण आपण मेनूतून प्रोग्रॅम उघडला तर दिसत नाही. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, मेनूतून उघडा, डिजिकॅमचं नाव लहान इंग्रजी अक्षरांत लिहा आणि एंटर दाबा. तोच प्रोग्रॅम उघडेल आणि टर्मिनलमध्ये ओळींमागून ओळी धावतील. त्यातल्या बऱ्याचशा निरुपद्रवी असतात, घाबरू नका. खिडकी नाहीशी झाली की अगदी शेवटची ओळ वाचा.

तिथे ‘किल्ड’ एवढाच शब्द असेल, तर प्रोग्रॅम स्वतः पडला नाही. रॅम संपली आणि लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, मशीन अडकू नये म्हणून त्याला बंद केलं. चेहरे शोधण्याचं काम चालू असेल तर ४ जीबीच्या लॅपटॉपवर हे सहज होतं. तेव्हा ब्राउझर बंद ठेवा आणि एका वेळी एकाच अल्बमचे चेहरे शोधायला सांगा.

‘सेगमेंटेशन फॉल्ट’ असेल, तर प्रोग्रॅमने आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावला आणि तो थांबवला गेला. अशा वेळी त्याच्या वरच्या काही ओळी महत्त्वाच्या. तिथे बऱ्याचदा एखाद्या फाइलीचा पत्ता असतो. तो दर वेळी तोच असेल, तर गुन्हेगार सापडला असं समजा. पडण्याची जागा दर वेळी वेगळी असेल आणि बाकीचे प्रोग्रॅमही अधूनमधून पडत असतील, तर रॅमच्या पट्टीवर संशय घ्या. मेमटेस्ट नावाचा प्रोग्रॅम रात्रभर चालवला की ते कळतं.

तुमच्या पत्रावरून माझा संशय मोबाइलमधल्या व्हिडिओंवर आहे. उतरवताना केबल हलली किंवा फोन झोपला, तर फाइल अर्धवट राहते. फोनचा एमपी४ व्हिडिओ बहुधा असा लिहिलेला असतो, की आत काय कुठे आहे याची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी येते. शेपूट तुटलं की अनुक्रमणिकाच गेली. टर्मिनलमध्ये ‘मूव्ह ॲटम नॉट फाउंड’ अशी ओळ दिसते ती याचीच. खरं तर अशी फाइल ओलांडून प्रोग्रॅमने पुढे जायला हवं. तो तिथे पडत असेल, तर तो प्रोग्रॅममधलाच दोष आहे. डिजिकॅम केडीई या मंडळींचा आहे. त्यांच्या दोषनोंदीच्या जागी शेवटच्या पन्नासेक ओळी जोडून जरूर कळवा. ते काम तुमच्या मुलाला सांगा.

टर्मिनलमध्ये पत्ता नाही मिळाला, तर असं करा. प्रोग्रॅम बंद करून मोबाइलचा तो नवा फोल्डर पिक्चर्समधून बाहेर काढा आणि होममध्ये ठेवा. आता डिजिकॅम टिकला, तर दोष त्या फोल्डरात आहे. त्यातल्या निम्म्या फाइली परत आत ठेवून बघा. पडला तर दोष त्या निम्म्यात, नाही पडला तर उरलेल्यात. पुन्हा निम्म्या. हजार फाइली असल्या तरी दहाएक खेपांत एका फाइलीवर येता. त्याआधी फोल्डर आकारानुसार लावून बघितलात, तर शून्य बाइटच्या फाइली लगेच दिसतात. त्या आधीच बाजूला काढा. मात्र वर्गफोटोंचे फोल्डर या खटाटोपात हलवू नका. त्यांच्यावर नावं आहेत, त्यांना जागेवरच राहू द्या.

सगळ्या परीक्षा होऊनही पडतच असेल, तर ‘थंबनेल्स’ हा शब्द नावात असलेली डीबी फाइल दुसरीकडे नेऊन ठेवा. तिच्यात फक्त छोट्या प्रतिमा असतात. डिजिकॅम त्या नव्याने बनवतो. ‘डिजिकॅम४’ला मात्र हात लावू नका.

आता मला सगळ्यात कळकळीचं वाटतं ते. प्रोग्रॅम चालू झाला की नावं फोटोंच्या आत लिहून घ्या. सेटिंग्जमध्ये मेटाडेटाच्या, म्हणजे फोटोबरोबर राहणाऱ्या माहितीच्या, पानावर फोटोत काय काय लिहायचं याची यादी आहे. तिथे खुणा, मथळे आणि चेहऱ्यांची नावं या सगळ्यांवर टिक करा. मग टूल्समधल्या मेंटेनन्समध्ये डेटाबेस आणि मेटाडेटा जुळवण्याचा पर्याय आहे. दिशा ‘डेटाबेसकडून फोटोकडे’ अशी निवडा. वेळ लागेल, लागू द्या. यानंतर डीबी फाइल बिघडली, लॅपटॉप गेला, उद्या दुसराच प्रोग्रॅम आला, तरी कुठली मुलगी कोण हे त्या फोटोबरोबरच राहील.

मराठी नावं फोटोच्या आत माहिती लिहिण्याच्या एक्सएमपी या पद्धतीत नीट राहतात. जुन्या आयपीटीसी पद्धतीत मात्र एका खुणेला ६४ बाइटच जागा असते, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी धरून एकवीसच चिन्हं बसतात. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये तुटलेलं दिसलं, तर कारण हे. एक्सएमपीत ते पूर्णच असतं.

तुमचा मुलगा कदाचित डिजिकॅमच्या संकेतस्थळावरून ताजी ॲपइमेज, म्हणजे न बसवता थेट चालणारी एकाच फाइलीतली आवृत्ती, घ्यायला सांगेल. सल्ला बरोबर आहे, कारण मिंटच्या भांडारातली आवृत्ती बरेचदा जुनी असते. पण नवी आवृत्ती डीबी फाइलीची रचना बदलू शकते आणि मग जुनी आवृत्ती ती उघडत नाही. म्हणून पहिली कॉपी जपून ठेवा.

प्रश्न: माझे फोटो घरच्या नेटवर्क डिस्कवर आहेत आणि डिजिकॅमची डीबी फाइलही तिथेच. वायफाय जरा गेलं की प्रोग्रॅम अडकतो किंवा पडतो. काय करावं?
– एक वाचक, पणजी

उत्तर: फोटो तिथेच राहू द्या, डीबी फाइल लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर आणा. ती एसक्यूलाइट या, एकाच फाइलीत सगळा डेटाबेस ठेवणाऱ्या, प्रकारची असते, आणि एका वेळी एकानेच लिहावं यासाठी तिला जे कुलूप लागतं ते नेटवर्कवर भरवशाचं नसतं. प्रोग्रॅम बंद करून सगळ्या डीबी फाइली लॅपटॉपवर कॉपी करा, मग सेटिंग्जमध्ये डेटाबेसच्या पानावर नवी जागा दाखवा. त्याआधी एसक्यूलाइटच्या फाइली उघडून दाखवणाऱ्या डीबी ब्राउझर या प्रोग्रॅममध्ये कॉपी उघडून टूल्समधली इंटिग्रिटी चेक चालवा. ‘ओके’ आलं तर निर्धास्त पुढे जा. ‘मालफॉर्म्ड’ असं काही आलं, तर ती फाइल वापरू नका आणि आधीची चांगली कॉपी शोधा.