पुण्यातील फुलेवाडा पाहण्यासारखा आहे का? मुलींची पहिली शाळा तिथेच भरत होती का?

शाळेविषयी आधी सांगतो, कारण हा घोटाळा अनेकांचा होतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली ती बुधवार पेठेतील भिडेवाड्यात. ती मोडकळीस आलेली वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली. गंज पेठेतील फुलेवाडा, ज्याला आता समताभूमी म्हणतात, हे या दांपत्याचे राहते घर.

पाहण्यासारखा आहे का, याचे माझे उत्तर होय असेच आहे. मात्र शनिवारवाड्याच्या मापाने पाहायला गेलात तर निराश व्हाल. हे एका कर्त्या कुटुंबाचे साधे, कौलारू घर आहे. आतील चित्रांतून त्यांचा जीवनपट मांडला आहे. तो अवश्य पाहावा, पण माझ्या मते खरे महत्त्व घराभोवतीच्या जागेचे आहे. ज्या काळात अस्पृश्य मानलेल्या माणसांना सार्वजनिक पाणवठ्यावरही पाणी भरू दिले जात नव्हते, त्या काळात, १८६८ साली, जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. भाषणात समता सांगणे वेगळे आणि रोजच्या पिण्याच्या पाण्यात ती आणणे वेगळे, हे इथे उभे राहिल्यावर नीट कळते.

याच आवारात जोतीरावांची समाधी आहे. आपला देह दहन न करता घरामागील जागेत मिठात घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती, परंतु २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तल्यानंतर नगरपालिकेने वस्तीत दफनाची परवानगी नाकारल्यामुळे दहन करावे लागले आणि अस्थी येथे ठेवण्यात आल्या. अंत्ययात्रेत दत्तक पुत्र यशवंत यांच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद उपस्थित केला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे (अंत्ययात्रेच्या पुढे धरायचे मडके) हाती धरले. (शाळेच्या पुस्तकात सावित्रीबाईंवर शेणगोळे फेकल्याचा प्रसंग हमखास असतो, हा प्रसंगही तितक्याच ठळकपणे यायला हवा, असे मला वाटते.) मुले सोबत असतील तर समाधीपाशी थांबून त्यांना एवढे जरूर सांगा.

पाहायला अर्धा-पाऊण तास पुरतो. पेठेतील रस्ते अरुंद असल्याने स्वतःची मोटार नेण्यापेक्षा स्वारगेटहून रिक्षा केलेली बरी. ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर या दिवशी अभिवादनासाठी मोठी गर्दी लोटते. तो माहोल अनुभवायचा असेल तर तेव्हाच या, पण निवांत पाहायचे असल्यास अन्य दिवस निवडा. हाताशी आणखी एक दिवस असेल, तर सातारा रस्त्याने शिरवळच्या बाजूला, खंडाळा तालुक्यात, नायगाव आहे. सावित्रीबाईंचे तेथील जन्मघरही जतन केलेले आहे.