‘घरच्या घरी केलं’ म्हणजे ‘पैसे नव्हते’ असं वाटेल का?

लग्न ठरलेली जोडपी माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात ती बहुधा स्वभाव, सासर, नोकरी असले विषय घेऊन. अलीकडे मात्र एक वेगळी चिंता पुन्हा पुन्हा कानावर येते. "आम्हाला लग्न साधं करायचंय, जुन्या काळच्या थाटाचं, शक्य तेवढं स्वतःच्या हातानं. पैसेही मोजकेच आहेत. पण लोकांना ती हौस वाटेल की नाइलाज?" विचारणारा हसत विचारतो, पण झोप उडालेली असते हे चेहऱ्यावर दिसतं.

अशाच एका घराची ही हकिगत. मुलगी, तिची आई आणि होणारा नवरा, तिघांचीही परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीला मुलगी एकटीच आली. लग्न पाच महिन्यांवर, ऐन वसंतात. मोबाइलमध्ये फोटोंचा वेगळा फोल्डरच होता: काचेच्या बरण्यांत खोचलेली रानफुलं, क्रोशाच्या लेसची टेबलं, हाताने लिहिलेल्या पत्रिका, एकमेकींशी न जुळणाऱ्या कपबश्या आणि १९४०च्या दशकातल्या इंग्रज नववधूंचे काळेपांढरे फोटो. फोटो दाखवताना चेहरा खुलला होता. फोन बाजूला ठेवला आणि तक्रारी सुरू झाल्या. आईशी अबोला होता, कारण आईचं म्हणणं, "लोक म्हणतील यांची ऐपत नाही." होणाऱ्या नवऱ्याला काही विचारलं की तो "तुला हवं तसं कर" म्हणून मोकळा होई. "त्याला कशातच रस नाही," ती म्हणाली, "सगळं मी एकटी ओढतेय."

मी तिला खर्चाचा हिशोब विचारला नाही. तो तिच्याकडे चोख होताच. तासांचा हिशोब मागितला. कागद दिला आणि म्हटलं, स्वतः करायच्या प्रत्येक गोष्टीपुढे वेळ लिही, आणि तोही एक नमुना करून पाहिल्यावर लागलेला खरा वेळ. पुढच्या खेपेला ती कागद घेऊन आली तेव्हा जरा गप्पच होती. ८० पत्रिका, प्रत्येकी २५ मिनिटं, म्हणजे ३३ तास. १२० कागदी फुलं, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे ३० तास. पताकांच्या माळा आणि टेबलक्लॉथच्या कडा मिळून आणखी ३४. बेरीज शंभराच्या घरात. हातात होत्या फक्त रविवारच्या दुपारी, म्हणजे पाच महिन्यांत जेमतेम ८०-८५ तास. ताजी फुलं यात धरलेलीच नव्हती, कारण ती आधी करून ठेवता येत नाहीत. लग्नाच्या आदल्या दिवशीच सगळी धावपळ.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे पैशांबाबत सगळ्यांना पाठ असतं. वेळेचंही अंथरूण असतं हे कोणी मोजत नाही.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट उघडी पडली. घरी केलं की स्वस्त पडतं, हे निम्मंच खरं आहे. घरात आहे ते वापरलं किंवा कुणाकडून मागून आणलं तर स्वस्त. पण एका दिवसाच्या वापरासाठी गोंदाची बंदूक, छिद्रं पाडायचं यंत्र, रंगीत कागदाचे गठ्ठे आणि वर नमुने करताना वाया जाणारा माल असं सगळं विकत आणलं, की तयार वस्तू परवडली असं म्हणायची पाळी येते. तिनं ‘जुन्या दिसणाऱ्या’ नव्या बरण्यासुद्धा विकत घेतल्या होत्या. तिच्या आईच्या स्वयंपाकघरात वापरून जुन्या झालेल्या बरण्या रांगेनं उभ्या होत्या, पण आईशी बोलणं बंद, त्यामुळे त्या मागणार कोण!

तिसऱ्या भेटीला तिघांना एकत्र बोलावलं.

मुलीनं पिशवीतून लेसचं एक जुनं कापड काढलं. ओळखीतल्या कुणाच्या तरी पेटीतून मिळालेलं, कमानीवर टांगायचा बेत होता. आईनं न बोलता ते हातात घेतलं, उठून खिडकीपाशी गेली, उजेडासमोर धरलं आणि घडीच्या रेघेवरून अंगठा फिरवला. "रेशीम आहे. घडीवर विरलंय बघ, इथे आणि इथे. टांगलंस तर स्वतःच्या वजनानंच फाटेल. आणि हे ब्लीचमध्ये घालायचा विचार असेल तर आत्ताच सोड, रेशमाचा भुगा होईल." मग टेबलावर पसरून दाखवलं. "आडवं अंथर, खाली साधं सुती कापड घाल. पण पांढरंशुभ्र नको हं, त्याच्यापुढे हे मळकट दिसेल. सायीच्या रंगाचं घे."

आई शिवणकामात मुरलेली होती हे मला त्या क्षणी कळलं. मुलीला जन्मापासून ठाऊक होतं, पण या लग्नाच्या यादीत आईच्या हाताला कुठे जागाच ठेवली नव्हती. (आईचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बरीच वर्षं रेशमाला वजन यावं म्हणून धातूंचे क्षार लावत. अशी कापडं कालांतरानं घडीघडीवर तडकतात. आणि आजचा झगझगीत पांढरा रंग बराचसा चमक आणणाऱ्या रसायनांचा असतो, जुन्या कापडाला तो कधीच नव्हता.)

मी आईंना विचारलं, "लोक काय म्हणतील, असं तुम्ही म्हणता. लोक म्हणजे नक्की कोण?" बराच वेळ गेला. शेवटी दोन नावं निघाली. एक नणंद आणि एक जुनी शेजारीण. समाज म्हणून ज्याची धास्ती घेतलेली असते तो बहुतेक घरांत दोन-तीन माणसांचाच असतो. पण आईंचं खरं दुखणं त्याच्याही पलीकडचं होतं. "माझ्या लग्नात पैसे नव्हते म्हणून साधं केलं," त्या म्हणाल्या. "हिच्या वेळेला तसं होऊ नये एवढ्यासाठी आयुष्यभर जमवलं. आणि ही म्हणते मला तसंच हवं." मुलीनं हे पहिल्यांदा ऐकलं. या वाक्यानंतर त्यांचा अबोला काही लगेच सुटला नाही, पण आवाज खाली आले.

आता होणारा नवरा. त्याला विचारलं, "तुला रस नाही, असं ही म्हणते." तो म्हणाला, "पताकांची एक माळ मी शिवली होती. टाके वाकडे आले. सकाळी पाहिलं तर हिनं रात्रीत सगळी उसवून परत शिवली होती. त्यानंतर मी हात लावला नाही." तिला आठवत होतं. ‘नीट व्हावं म्हणून’ केलं होतं एवढंच.

रस नव्हता म्हणावं, तर तिच्या फोल्डरमधल्या फोटोंचा इतिहास त्यानं मन लावून वाचला होता. ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग होतं, ते १९४९ पर्यंत चाललं. केकवर साखरेचं आयसिंग करायला १९४० मध्येच बंदी आली, म्हणून लग्नात छोट्याशा केकवर पुठ्ठ्याचं सजवलेलं झाकण ठेवत, आणि ते झाकण भाड्यानं मिळे. एकच पोशाख बहिणी-मैत्रिणी आळीपाळीनं घालत. पॅराशूटच्या रेशमाचेही पोशाख झाले. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाच्या वेळी लोकांनी तिला आपली कपड्यांची कूपनं पाठवली. ती दुसऱ्याला देणं बेकायदा होतं म्हणून परत करावी लागली. "तू जे फोटो दाखवतेस ना," तो तिला म्हणाला, "त्यातलं अर्धं उसनं आहे. आणि त्यातलं काहीच कुणी एकटीनं केलेलं नाही."

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे होतं. तिला जुन्या काळचं रूप हवं होतं, पण ते घडवण्याची रीत नव्या काळची होती: एक माणूस, एक आराखडा, सगळ्यावर ताबा. दहा हातांचं काम दोन हातांनी करायला गेलं की हातघाई होणारच, आणि मग जवळची माणसं बेपर्वा वाटायला लागतात.

आम्ही एक अट घातली. दुसऱ्यानं केलेली वस्तू तिनं पुन्हा नव्यानं करायची नाही. वाकडी असेल तर वाकडी लागेल. पहिले दोन आठवडे तिला हे फार जड गेलं. कागदी फुलं यादीतून सरळ बाद झाली, पत्रिकांचा मजकूर छापून घेतला आणि फक्त नावं हातानं लिहायची ठरली. कापडाचं सगळं आईकडे. ताजी फुलं त्याच्याकडे.

फुलांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण वसंतातल्या लग्नात सगळ्यात जास्त रडारड त्यावरून होते. वसंतातली फुलं तारीख पाळत नाहीत. चार दिवस ऊन तापलं तर बहर आठवडाभर आधी उरकतो, गारवा राहिला तर कळ्या मिटलेल्याच. म्हणून अमुकच फूल हवं असं ठरवू नये, रंग ठरवावा. त्या रंगाचं त्या आठवड्यात जे मिळेल ते घ्यावं. त्यानं आधी तालीम केली, त्यामुळे दोन गोष्टी वेळेवर कळल्या. डॅफोडिलच्या कापलेल्या देठातून चिकट रस येतो, त्याच पाण्यात दुसरी फुलं ठेवली तर ती लवकर मान टाकतात. डॅफोडिल आधी काही तास वेगळ्या पाण्यात ठेवायची आणि मग पुन्हा देठ न कापता बाकीच्यांत मिसळायची. ट्यूलिप कापल्यावरही वाढत राहते आणि उजेडाकडे वळते, त्यामुळे रात्री सरळ लावलेली सकाळी भलतीकडे तोंड करून बसते. फुलं पहाटे कापून थंड, अंधाऱ्या जागी खोल पाण्यात ठेवावीत आणि पिकलेल्या फळांपासून दूर. फळांमधून निघणाऱ्या वायूनं ती लवकर कोमेजतात.

राहिला तो मूळ प्रश्न: हौस दिसेल की नाइलाज? माझा अनुभव असा की पाहुणे कंजुषी म्हणतात ती सजावट पाहून नव्हे. बसायला खुर्ची नाही, प्यायला पाणी सापडत नाही, जेवण दोन तास उशिरा, पाऊस आला तर डोक्यावर छप्पर नाही, स्वच्छतागृह कुठे ते कुणाला माहीत नाही, अशा वेळी ती आठवते. वसंतात हवा कधी फिरेल सांगता येत नाही, तेव्हा मोजक्या पैशांतला पहिला हिस्सा छप्पर, खुर्च्या आणि जेवणाला. लेस नंतर. दुसरं म्हणजे दारात उभं राहून "साधंच केलंय हो, सांभाळून घ्या" असं म्हणायचं नाही. यजमानानंच माफी मागितली की पाहुणा उणीव शोधायला लागतो. आईंना हे वाक्य गिळायला सराव करावा लागला. चक्क माझ्यासमोर बसून केला.

लग्नात ती नणंद बोललीच. "सगळं घरीच केलंत वाटतं?" आई म्हणाल्या, "हो, टेबलावरची शिलाई माझी. ती वाकडी माळ जावयांची." नणंदबाईंनी माळेपाशी उभं राहून फोटो काढून घेतला. यात टोमणा होता की कौतुक, यावर मायलेकींचं अजून एकमत नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या बोलण्यात सुटली होती आणि लग्नानंतरचं एकमेव भांडण त्यावरूनच झालं: मागून आणलेल्या वस्तू. सात घरांतल्या कपबश्या एकत्र धुतल्यावर कुणाची कुठली ते कळेना. आता मी अशा प्रत्येक जोडप्याला सांगते, वस्तू घेतानाच तिचा फोटो काढा, तळाला नावाची चिकटपट्टी लावा आणि परत पोहोचवायची जबाबदारी नवरा-नवरी सोडून तिसऱ्या कुणावर सोपवा. फार जुन्या भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं, म्हणून ती खाण्यापिण्याला न वापरता नुसती मांडून ठेवा. आणि फुटलं तर भरपाई कशी करायची, ते मागतानाच बोलून घ्या.