फाल्गुनात मुळा-मुठेच्या काठी

येरवड्याच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात पक्षी पाहायला रोज जाणार असाल, तर उजाडताना पोचा. नऊनंतर ऊन चढतं. आणि उगाच पायपीट करू नका. फुललेली काटेसावर किंवा पळस गाठून अर्धा तास तिथेच उभे राहा. भोरड्यांचे थवे, शिंजीर, बुलबुल, मैना सगळे मधासाठी तिथेच येतात. तांबट पक्षी आधी ऐकू येईल, टुक्-टुक्. मग वाळक्या फांद्या शोधा, ढोलीसाठी भोक पाडत असेल. पाण्यात शेकाटे, म्हणजे लांब पायांचे पाणपक्षी, दिसतील, पण त्यावरून नदी स्वच्छ समजू नका, त्यांना सांडपाणीही चालतं. पांढरा धोबी हा पक्षी शेवटचा कधी दिसला, ती तारीख वहीत लिहाच. हे हिवाळी पाहुणे उन्हाळ्यात उत्तरेला जातात. दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. कॅमेरा पुढच्या वर्षी.