प्रथिनांची घडी चुकल्याने मधुमेह कसा होतो, आणि हे तपासतात कसं?
दिवाळीआधी लक्ष्मी रोडवरचं साडीचं दुकान आठवा. उलगडलेल्या साड्यांचा ढीग वाढला की मालक नवा माल काढणं थांबवतो, घड्या घालायला जादा पोरं लावतो. पेशीतली आंतर्द्रव्यजालिका (प्रथिनांच्या साखळ्यांना घडी घालून आकार देणारा भाग) घडी न झालेल्या प्रथिनांचा ढीग वाढला की हेच करते: नवी प्रथिनं कमी, घडी घालणारे मदतनीस जास्त, बिघडलेली मोडीत. तरी ढीग हटेना, तर पेशी स्वतःलाच संपवते. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर हा भार कायमचा. त्या मेल्या की साखर वाढते. (एकमेव कारण नव्हे, बरं का.)

तपासायला पेशींना ट्युनिकामायसिन (घडी बिघडवणारं रसायन) देऊन मुद्दाम गोंधळ घालतात, मग एक्सबीपी-१ या जनुकाचा आरएनए बघतात. ढिगाचा ताण असला की आयआरई-१ हे ताण ओळखणारं प्रथिन त्यातली २६ अक्षरं कापतं आणि जेलवर (तुकडे लांबीनुसार वेगळे करणारा थर) त्याचा पट्टा किंचित खाली दिसतो. जेल घाईत पळवलं, तर कापलेला आणि न कापलेला असे दोन्ही पट्टे एकच वाटतात.