गेदरचा लाल अर्क काही तासांत तपकिरी: प्रथिन कुजलेलं नाही

तुझा प्रश्न वाचला आणि थेट माझी एम.एस्सी.ची दुसरी टर्म आठवली. गेदरच्या (ट्यूना माशाच्या) काळ्या मांसातून मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूतलं ऑक्सिजन धरणारं लाल प्रथिन, काढलंस, सकाळी लालभडक होतं, दुपारी चहासारखं झालं, स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्या आलेखात) ६३० नॅनोमीटरजवळ उंचवटा आला आणि सर म्हणतात मासाच शिळा होता. मासा शिळा नसावा. तो उंचवटा मेटमायोग्लोबिनचा, म्हणजे हीममधलं (प्रथिनातल्या ऑक्सिजन धरणाऱ्या भागातलं) लोह +२ वरून +३ अवस्थेत गेलंय. (विद्यार्थिनी आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.)

शुद्धीकरणाच्या पायऱ्या तू नीट केलेल्या दिसतात, त्यात जात नाही. मला सांगायचंय ते साठवणीबद्दल, कारण माझे सहा आठवडे तिथेच गेले.

मी पहाटे ससून डॉकवरून गेदर आणायचे, कोळीण मावशींकडून कुशीतली काळी पट्टी वेगळी काढून घ्यायचे, थर्माकोलच्या डब्यात बर्फात घालून लॅबमध्ये. दुपारपर्यंत शुद्धीकरणाच्या कॉलममधून सुंदर ऑक्सी रूप (ऑक्सिजन धरलेलं, लाल) यायचं, ५४२ आणि ५८० ला दोन स्वच्छ शिखरं. आमच्या विभागातलं यंत्र बंद होतं, म्हणून पूर्ण स्कॅनसाठी एका सामायिक उपकरण केंद्रात जावं लागे. तिथे अर्जावर तीन सह्या, नंबर चार दिवसांनी, आणि नमुना काउंटरवर ठेवून जायचा. समोर उभं राहून रीडिंग घेऊ द्या म्हणून मी किती विनवण्या केल्या! नमुना तासातासाला बदलतो हे कुणी ऐकूनच घेतलं नाही. वर अहवालात ‘नमुना खराब’ असा शेरा, आणि फी पूर्ण. त्याचा राग मला अजून येतो. चार दिवस थांबायला लावणं हाच इथे प्रयोग बिघडवणं आहे, हे त्यांना कळायला हवं होतं.

पण मोठी चूक माझीच. चार दिवस थांबायचंय तर ऑक्सिजन काढून टाकू, असा विचार करून मी व्हायलला रबरी बूच लावलं, नळाच्या फिल्टर पंपाने दोन मिनिटं हवा ओढली आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवली. तीन वेळा तेच केलं, तिन्ही वेळा व्हायल तपकिरी. न ओढलेली, उघडी राहिलेली एक व्हायल मात्र जास्त लाल होती, आणि मी ती मोजणीतली चूक समजून सोडून दिली!

जॉर्ज आणि स्ट्रॅटमन यांनी १९५२ सालीच दाखवलं होतं की मायोग्लोबिनचं ऑटोऑक्सिडेशन (ऑक्सिजनमुळे आपोआप तपकिरी मेट रूपात जाणं) सर्वांत वेगाने होतं ते भरपूर ऑक्सिजनमध्ये नव्हे, तर अगदी कमी दाबाच्या ऑक्सिजनमध्ये, पाऱ्याच्या एक-दोन मिलिमीटरच्या आसपास. हीमचे सगळे कप्पे ऑक्सिजनने भरलेले असतील आणि डिस्टल हिस्टिडीनने (हीमशेजारच्या एका अमिनो आम्लाने) त्याला हायड्रोजन बंधाने धरून ठेवलं असेल, तर तो बहुतेक वेळा आला तसाच परत जातो. अर्धे कप्पे रिकामे झाले की तिथे पाणी शिरतं, आणि बाहेरून आलेला ऑक्सिजन लोहाचा इलेक्ट्रॉन घेऊन सुपरऑक्साइड (एक इलेक्ट्रॉन जास्त असलेला ऑक्सिजन) होऊन निसटतो. फिल्टर पंपाने हवा पूर्ण निघत नाही, थोडी उरतेच. म्हणजे मी स्वतःच नमुन्याला त्या वाईट पट्ट्याकडे ढकलत होते.

म्हणून माझं ठाम मत: एकतर ऑक्सिजन पूर्ण काढ, नाहीतर भरपूर असू दे. अर्धवट काढू नकोस. बाकी म्हणजे पीएच ८ च्या आसपास ठेव (मेलेल्या गेदरच्या स्नायूत तो ६ च्या आसपास किंवा खाली गेलेला असतो आणि आम्लात हे ऑक्सिडेशन झपाट्याने होतं), सगळं बर्फावर कर, मोजणी त्याच दिवशी कर. ठेवावंच लागलं तर छोटे भाग करून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० ला. साध्या फ्रीजरवर विसंबू नकोस. जपानी लोक ट्यूना उणे ६० च्या आसपास ठेवतात ते रंगासाठीच. आणि घोड्याच्या मायोग्लोबिनवरचे आकडे गेदरला लावू नकोस, माशांचं त्याहून लवकर ऑक्सिडाइज होतं.

आत्ता तपकिरी झालेला नमुना फेकू नकोस. चिमूटभर सोडियम डायथायोनाइट घाल (ते लोहाला परत +२ वर आणतं) आणि लगेच जी-२५ कॉलममधून (छोटे रेणू प्रथिनापासून वेगळे करणाऱ्या जेलमधून) काढ. रेंगाळलीस तर उरलेलं डायथायोनाइट हवेशी मिळून पेरॉक्साइड करतं, त्यातून फेरिल रूप (लोह +४ अवस्थेत) तयार होतं, आणि त्याची शिखरं ऑक्सीच्या इतकी जवळ असतात की फसायला होतं. हे डायथायोनाइट म्हणजे रंगारी लोकांचं ‘हायड्रो’च. मुंबईच्या पावसाळ्यात डबा एकदा उघडला की ओल धरतो, झणझणीत वास येतो आणि पावडर निकामी होते. लहान बाटल्यांत वाटून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेव.

मी फक्त गेदर आणि घोडा या दोनच मायोग्लोबिनवर काम केलंय, तेव्हा सरांना विचारूनच बदल कर. अजून एक, ५२५ नॅनोमीटरला तिन्ही रूपांचं (ऑक्सी, ऑक्सिजन नसलेलं डीऑक्सी आणि मेट) शोषण जवळपास सारखं असतं. तिथलं रीडिंग सकाळी आणि दुपारी घे. ते तसंच राहिलं तर सरांना दाखव: प्रथिन तेवढंच आहे, फक्त लोहाची अवस्था बदलली.

अर्क काढताना पीएच किती होता आणि व्हायल किती भरलेली होती, तेवढं लिही.