आकडा आधी तपासा : हार्ट फेल्युअर आणि प्रत्यारोपण शिकणाऱ्यांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न कार्डिऑलॉजी संपवून ॲडव्हान्स्ड हार्ट फेल्युअर आणि हृदय प्रत्यारोपणाच्या प्रशिक्षणात शिरलेल्या डॉक्टरांचे आहेत. एकाच विषयावरचे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

प्रश्न : कार्डिऑलॉजी झाल्यावर हार्ट फेल्युअरसाठी आणखी एक वर्ष कशाला? औषधं तर सगळ्यांना येतात, आणि ऑपरेशन सर्जनच करतात.

औषधं येतात, हे खरं. पण औषधं पुरेनाशी झाली हे कधी ओळखायचं, ते या वर्षात शिकायचं असतं. अमेरिकेत या शाखेला स्वतंत्र उपविशेषता म्हणून २००८ मध्ये मान्यता मिळाली आणि पहिली प्रमाणपत्र परीक्षा २०१० मध्ये झाली. तिथे इंटर्नल मेडिसिनची तीन आणि कार्डिऑलॉजीची तीन वर्षं झाल्यावर हे एक वर्ष येतं. प्रत्यारोपणाआधीची तपासणी, यादीत नाव घालण्याचा निर्णय, डोनर स्वीकारणं-नाकारणं, हृदयाला मदत करणारा यांत्रिक पंप बसवलेल्या रुग्णाची देखभाल आणि प्रत्यारोपणानंतरची सगळी वर्षं ही कामं फिजिशियनची आहेत.

आम्हाला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट म्हणजे रुग्ण उशिरा पोचणं. रुग्ण इनोट्रोपवर (हृदयाच्या आकुंचनाला जोर देणाऱ्या औषधावर) असूनही लघवी कमी होतेय, क्रिएटिनिन आणि बिलिरुबिन (किडनी आणि यकृत थकल्याच्या खुणा) चढतंय, अशा अवस्थेत तो आला की हातात फार थोडे पर्याय उरतात. वर्षात दुसऱ्यांदा ॲडमिट व्हावं लागलं, लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडचा डोस चढत गेला, रक्तदाब टिकत नाही म्हणून बीटा-ब्लॉकर किंवा एसीई इनहिबिटर कमी करावं लागलं, डिफिब्रिलेटरचे शॉक बसले, यातलं काहीही घडलं की रुग्णाला प्रत्यारोपण केंद्रात दाखवायची वेळ झालेली असते. इजेक्शन फ्रॅक्शन (डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा) आणखी खाली जायची वाट पाहू नका.

व्यायाम-चाचणीत प्राणवायूचा कमाल वापर बीटा-ब्लॉकर चालू असताना किलोमागे मिनिटाला १२ मिलीपर्यंत, आणि बीटा-ब्लॉकर नसताना १४ मिलीपर्यंत असेल तर यादीचा विचार होतो. पण रुग्णाने पूर्ण जोर लावला होता का, हे आधी बघा. श्वसन-गुणोत्तर (सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला प्राणवायू) १.०५ च्या वर गेलं नसेल तर तो आकडा हृदयाइतकाच दुखऱ्या गुडघ्याचा किंवा भीतीचाही असू शकतो.

प्रश्न : राइट हार्ट कॅथमध्ये (शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूत नळी घालून दाब मोजताना) फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा रोध ४ वुड युनिट आला. वरिष्ठांनी सगळं पुन्हा मोजायला लावलं. माझं काय चुकलं असेल?

कदाचित काहीच नाही. पण हा एक आकडा रुग्णाचं नाव यादीत जाणार की नाही ते ठरवतो, म्हणून त्यावर शंका घ्यायची सवय अंगी बाणवायला हवी. डोनरच्या हृदयाची उजवी बाजू कमी दाबावर काम करणारी असते. नव्या छातीत तिच्यासमोर अचानक मोठा रोध आला तर ती टेबलावरच फुगते आणि थांबते.

हिशोब सोपा आहे. पल्मनरी आर्टरीचा (फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीचा) सरासरी दाब वजा वेज प्रेशर (नळीच्या टोकाचा फुगा फुगवून वाहिनी अडवल्यावर मिळणारा, हृदयाच्या डाव्या बाजूचा अंदाज देणारा दाब), भागिले कार्डिॲक आउटपुट (हृदय मिनिटाला ढकलतं ते रक्त). समजा सरासरी दाब ३८ मिमी, वेज २६ आणि आउटपुट मिनिटाला ३ लिटर. फरक १२, म्हणून रोध ४. आता फुगा पूर्ण बसलाच नाही, वेजमध्ये आर्टरीचा दाब मिसळला आणि ३१ वाचला गेला, तर रोध येतो २.३. म्हणजे धोक्याचा रुग्ण सुरक्षित दिसतो. उलट वेज २० वाचला तर रोध ६ होतो आणि पात्र माणूस यादीबाहेर राहतो. चूक फक्त पाच-सहा मिलिमीटरची असते.

वेज खरा आहे की नाही, हे तीन गोष्टी सांगतात : मॉनिटरवर ए आणि व्ही (कर्णिकेच्या दाबाच्या दोन) लाटा वेगळ्या दिसतात, वेजची सरासरी आर्टरीच्या डायास्टोलिक दाबाच्या वर सहसा जात नाही, आणि फुगा फुगवलेला असताना टोकातून सावकाश ओढलेल्या रक्तात प्राणवायूचं प्रमाण धमनीच्या रक्ताच्या जवळपास असतं. मायट्रल व्हॉल्व्ह खूप गळत असेल तर व्ही लाट इतकी उंच येते की ती आर्टरीचीच लाट वाटते. तेव्हा ईसीजी शेजारी ठेवून बघा, व्ही लाटेचं शिखर टी लाटेनंतर येतं. तिला आर्टरी समजून कॅथेटर आणखी पुढे ढकललं तर आर्टरी फाटू शकते. फुग्यात १.५ मिलीपेक्षा जास्त हवा नको, आणि तो काही सेकंदांपलीकडे फुगलेला ठेवायचा नाही.

ट्रान्सड्यूसरची (दाब मोजणाऱ्या उपकरणाची) पातळी चौथ्या बरगडी-फटीत, छातीच्या जाडीच्या मध्यावर. तो १० सेंटिमीटर खाली राहिला तर प्रत्येक दाब सुमारे ७ मिमी जास्त वाचतो. गंमत अशी, की दोन्ही दाब सारखेच सरकल्यामुळे फरक तोच राहतो आणि रोध बिघडत नाही. बिघडतो तो वेज आणि उजव्या कर्णिकेचा दाब, म्हणजे डाययुरेटिकचा (लघवी वाढवणाऱ्या औषधाचा) निर्णय. पण दोन मोजमापांच्या मध्ये कोणी टेबल वर-खाली केलं, तर फरकही गेला. म्हणून दोन्ही दाब एका पाठोपाठ, श्वास सोडून झाल्याच्या टप्प्यावर घ्या. मॉनिटर आपोआप काढतो ती सरासरी धापा टाकणाऱ्या रुग्णात फसवते.

आउटपुटचंही तसंच. थर्मोडायल्युशनची (गार द्रव सोडून रक्ताच्या तापमानातल्या बदलावरून प्रवाह काढण्याची) किमान तीन इंजेक्शनं, एकमेकांच्या १० टक्क्यांत. ट्रायकस्पिड (उजव्या बाजूचा व्हॉल्व्ह) खूप गळत असेल किंवा आउटपुट फारच कमी असेल तर फिकची पद्धत घ्या, ती शरीराच्या प्राणवायूच्या वापरावरून प्रवाह काढते. मात्र त्यात प्राणवायूचा वापर तक्त्यातून गृहीत न धरता मोजता आला तर मोजाच.

एवढं करूनही रोध ३ च्या वर असेल तर वाहिन्या सैलावतात का ते पाहायचं. नायट्रोप्रुसाइड (वाहिन्या सैल करणारं औषध) अगदी थोड्या मात्रेपासून काही मिनिटांनी वाढवत न्या, सिस्टॉलिक दाब ८५ च्या खाली जाऊ लागला की थांबा. वरच्या रुग्णात सरासरी दाब २८, वेज १८ आणि आउटपुट ४.२ झालं तर रोध २.४ वर आला, म्हणजे वाहिन्या अजून सैलावतात. सिस्टॉलिक दाब ८५ च्या खाली गेल्यावरच रोध उतरत असेल, तर धोका कायम आहे असंच धरायचं. नायट्रिक ऑक्साइड हुंगवून चाचणी करत असाल तर वेजवर नजर ठेवा. डाव्या बाजूचं हृदय कमजोर असताना वेज चढतो आणि नुसत्या त्या चढण्यामुळे रोध उतरल्यासारखा दिसतो. त्या दिवशी उत्तर मिळालं नाही तरी दार बंद होत नाही. इनोट्रोप आणि डाययुरेटिकवर एक-दोन दिवसांनी, किंवा एलव्हॅड (डाव्या कप्प्याला मदत करणारा यांत्रिक पंप) बसवून तीन ते सहा महिन्यांनी रोध पुन्हा मोजतात, आणि तो उतरलेला सापडतो.

प्रश्न : प्रत्यारोपित हृदयाच्या मी पाठवलेल्या बायोप्सीवर "अहवाल देण्यास अपुरी" असा शेरा दोनदा आला. तुकडे तर पाच होते.

पाच तुकडे बरोबरच, कारण वाचण्याजोगे किमान तीन हवेत. ज्या तुकड्यात निम्म्याहून जास्त जुना व्रण किंवा रक्ताची गुठळी असेल तो धरला जात नाही. आपण तोच बायोप्टोम (तुकडा घेणारा चिमटा), त्याच मार्गाने, त्याच जागी परत-परत नेतो आणि मागच्या वेळी केलेल्या खड्ड्याचाच तुकडा घेतो. प्रत्येक तुकड्याला जागा थोडी बदला, पण हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यावरच राहा. जबडा पडद्याकडे, म्हणजे मागच्या दिशेला वळलेला आहे याची खात्री करूनच चावा घ्या. पुढच्या मोकळ्या भिंतीला चावा लागला तर छिद्र पडून हृदयाभोवती रक्त साचतं. ट्रायकस्पिडच्या दोऱ्या तुटल्या तर ती गळती रुग्ण आयुष्यभर वागवतो.

दुसरी चूक टेबलावर होते. तुकडा चिमट्याने उचलायचा नाही, सुईच्या टोकाने अलगद सोडवायचा. चिमट्यात दबलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चिरडलेल्या दिसतात. फॉर्मलिन १० टक्के आणि खोलीच्या तापमानाचं हवं. फ्रीजमधून काढलेल्या गार फॉर्मलिनमध्ये स्नायू आखडतो आणि त्याच्यावर आडवे पट्टे उठतात, ते इजेचे वाटू शकतात.

आता अहवालाविषयी. शरीर नवं हृदय किती नाकारतंय, म्हणजे रिजेक्शन किती, हे सांगणाऱ्या २००४ च्या श्रेणीत ०आर (काहीच नाही) ते ३आर (तीव्र) असे टप्पे आहेत. २आर आणि त्यावर उपचार करतातच, बहुधा मिथाइलप्रेडनिसोलोन रोज ५०० ते १००० मिलिग्रॅम, तीन दिवस. लक्षणं नसताना १आरला सहसा हात लावत नाहीत. हृदयाच्या आतल्या अस्तरालगतचा लिम्फोसाइटचा पुंजका, ज्याला क्विल्टी म्हणतात, तिरक्या कापात २आरसारखा दिसू शकतो. पॅथॉलॉजिस्टशी बोला आणि आणखी खोल काप मागा. आणि बायोप्सी ०आर, पण एकोवर हृदय ढिलं, अशी जोडी दिसली तर अँटिबॉडीमुळे होणारं रिजेक्शन मनात आणा. सी४डीचा रंग (अँटिबॉडीच्या हल्ल्याची खूण बायोप्सीत दाखवणारा) आणि डोनरविरुद्धच्या अँटिबॉडीची चाचणी त्याच दिवशी लावा, उद्यावर टाकू नका.

प्रश्न : टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची) रक्तातली पातळी एकदा १८, चार दिवसांनी ६. डोस तोच. लॅब चुकतेय का?

लॅबला फोन करण्याआधी रुग्णाला एकच विचारा : रक्त दिलं त्या सकाळी गोळी घेतली होती का? पातळी मागच्या डोसनंतर बारा तासांनी, पुढची गोळी घेण्याआधी मोजायची असते. गोळी घेऊन आलेल्या रुग्णाची पातळी उगाच चढलेली दिसते, कोणीतरी डोस कमी करतं आणि पंधरा दिवसांनी बायोप्सीत रिजेक्शन सापडतं. पातळीच्या आकड्याशेजारी शेवटच्या गोळीची वेळ लिहून ठेवा. नमुना ईडीटीएच्या नळीत, संपूर्ण रक्ताचा हवा, कारण हे औषध लाल पेशींत जाऊन बसतं.

त्यानंतर नवी औषधं विचारा. बुरशीवरचं व्होरिकोनाझोल सुरू करताना टॅक्रोलिमस एक-तृतीयांशावर आणावं लागतं. हे बहुतेकांच्या लक्षात असतं. व्होरिकोनाझोल बंद करताना डोस परत वाढवायचा, हे मात्र राहून जातं, आणि धोका तिथेच आहे. क्लॅरिथ्रोमायसिन आणि डिल्टियाझेम पातळी चढवतात, रिफाम्पिसिन आणि फेनिटॉइन पार तळाला नेतात. जुलाब लागले की पातळी उतरेल असं वाटतं, प्रत्यक्षात ती चढते. दिवसातून दोनदा घ्यायच्या कॅप्सूलऐवजी एकदाच घ्यायची दिली गेली आहे का, हे पाकीट हातात घेऊन बघा. सुरुवातीच्या महिन्यांत १० ते १५ आणि पुढे मिलीमागे ५ ते १० नॅनोग्रॅम ही साधारण मर्यादा, पण किडनी कुरकुरत असेल तर केंद्रं खालच्या टोकाला राहतात.

प्रश्न : प्रत्यारोपणानंतर नाडी कायम १०० च्या आसपास. बीटा-ब्लॉकर द्यावा का?

नको. नव्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, व्हेगस या नाडी मंदावणाऱ्या नसेचा लगाम नाही, म्हणून विश्रांतीतही ९० ते ११० नाडी ही त्याची स्वाभाविक गती आहे. त्याच कारणाने नाडी मंदावली तर ॲट्रोपिनचा उपयोग होत नाही, आणि ॲडिनोसिनचा परिणाम मात्र नेहमीपेक्षा खूप जास्त होतो. नाडी १५० वर खिळली असेल तर फ्लटर (कर्णिकेची अतिजलद लय) शोधा, आणि फ्लटर सापडला तर रिजेक्शन शोधा. या रुग्णांना हृदयाच्या वाहिन्या बंद होत आल्या तरी छातीत सहसा दुखत नाही, म्हणूनच ठरलेल्या वेळच्या अँजिओग्राफीला पर्याय नाही.

प्रश्न : एलव्हॅडच्या रुग्णाचा कमी प्रवाहाचा अलार्म रात्री वाजला. नाडी लागत नव्हती. मी पंपाचा वेग वाढवला आणि व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (खालच्या कप्प्यांतून उठणारी धोकादायक जलद लय) सुरू झाला.

वेग वाढवावासा वाटणं अगदी समजण्यासारखं आहे, आणि बहुतेक वेळा नेमकं तेच चुकतं. यंत्राच्या पडद्यावरचा प्रवाह मोजलेला नसतो. तो पंपाचा वेग, वीज आणि यंत्रात भरलेल्या हिमॅटोक्रिटवरून (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणावरून) काढलेला अंदाज असतो. हिमॅटोक्रिट महिन्यापूर्वीचं असेल तर प्रवाहही चुकीचा.

नाडी न लागणं या रुग्णात नेहमीचंच. कफ बांधून डॉप्लरने दाब घ्या, आवाज परत येतो तो आकडा जवळजवळ सरासरी दाब असतो, आणि तो ७० ते ९० मध्ये हवा. दाब ११० असेल तर पंप त्या दाबाविरुद्ध ढकलू शकत नाही. तिथे उत्तर रक्तदाब उतरवणं हेच. दाब कमी, मानेची शीर सपाट आणि पल्सॅटिलिटी इंडेक्स (ठोक्यागणिक पंपाच्या प्रवाहात होणाऱ्या चढउताराचा आकडा) पडलेला असेल तर पंपापर्यंत रक्तच पोचत नाहीये : काळी शौच झाली का, जुलाब झाले का, डाययुरेटिक जास्त झालं का? शीर टम्म असेल तर उजवी बाजू थकली आहे किंवा हृदयाभोवती काही साचलंय. रिकाम्या कप्प्यात वेग वाढवला की पंप भिंतच आत ओढतो, आणि त्या घासण्यातून टॅकिकार्डिया उठतो. तुमच्या रुग्णात हेच झालं असावं. अशा वेळी वेग उतरवा, द्रव द्या आणि एको लावा.

उलटं चित्रही ओळखीचं ठेवा. वीज चढलेली, पडद्यावर प्रवाह भरपूर, पण रुग्णाला धाप आणि लघवी गडद. तिथे पंपात गुठळी शोधा आणि एलडीएच (लाल पेशी फुटल्या की रक्तात चढणारं एन्झाइम) पाठवा. आणि तपासण्याच्या गडबडीत वीजपुरवठ्याच्या दोन्ही तारा एकाच वेळी कधीही काढू नका.

प्रश्न : यादीत नाव घालता येणार नाही, हे रुग्णाला कोणी आणि कसं सांगायचं?

ज्याने तपासणी केली त्यानेच, बसून, घरच्यांसमोर. "बैठकीत नकार आला" एवढ्यावर सोडू नका. कारण सांगा, ते बदलण्याजोगं आहे का ते सांगा, आणि पुढे त्यांची काळजी कोण घेणार ते सांगा. पॅलिएटिव्ह केअरची (त्रास कमी करणाऱ्या उपचारांची) टीम त्या दिवशी पहिल्यांदा भेटू नये. तपासणी सुरू होते तेव्हाच तिची ओळख करून द्या.

प्रश्न : डोनरचा फोन आला की काय-काय विचारायचं?

रक्तगट, वय, उंची, वजन, लिंग, मृत्यूचं कारण, हृदय बंद पडलं होतं का आणि किती मिनिटं, इनोट्रोप कोणते व किती, एको केव्हाचा, डोनर वयाने मोठा असेल तर अँजिओग्राफी झाली का. मग अंतर : बर्फात ठेवलेल्या हृदयाचा रक्ताविना काळ चार तासांच्या आत बसला पाहिजे, आणि त्यात तुमच्या रुग्णाची छाती उघडायला लागणारा वेळ धरा. आधी ऑपरेशन झालेली छाती उघडायला जास्त वेळ लागतो, हे सर्जनला विचारून मगच होकार द्या. रुग्णाच्या रक्तात अँटिबॉडी असतील तर डोनरच्या एचएलएशी (पेशींवरच्या ओळख-खुणांशी) त्या जुळवून पाहिल्याशिवाय हृदय निघता कामा नये.

एको वाईट म्हणून लगेच नाही म्हणू नका. मेंदूमृत्यूच्या वेळी शरीरात ॲड्रेनॅलिनची लाट उसळते आणि तरुण, निरोगी हृदयही काही तास सुन्न पडतं. द्रव नीट करून, इनोट्रोप उतरवत नेऊन काही तासांनी एको पुन्हा मागा, आणि तो कमीत कमी औषधांवर असताना काढलेला असावा. फोनवर सांगितलेल्या टक्केवारीवर थांबू नका, चित्रफीत मागवून स्वतः बघा.